ताराबाई मोडक
बारवी धरणालगतच्या वाड्यांवर आज बालकांना जेथे पोषण आहार वाढला जातो, त्या अंगणवाडीचे मूळ तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात गेली. स्वच्छता हाही तेथे पाठच होता. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला हलले. आईबाप मजुरीला गेले की थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबे. ताराबाईंनी तिला दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली व तिला विकासवाडी म्हटले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या कार्याचा गाभा हाच. धाकट्याच्या खाण्या-निजण्यावर आता जाणत्या माणसाची नजर राहू लागली आणि थोरली, कडेवरचे ओझे उतरवून, पलीकडच्या वर्गात पाटी घेऊन बसू लागली.