झाडे मोजणारा माणूस

मुलामुलींनो, तुमच्या घरातील लाकडाच्या वस्तू एकदा मोजून पाहा. दार, खिडकी, पलंग, खुर्ची, पोळपाट! हे सगळे लाकूड झाडांपासून मिळते. पण जंगलातील किती झाडे तोडावीत आणि किती राखावीत, हे कसे ठरवायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्या डीट्रिश ब्रँडिस यांची ओळख आज आपण करून घेऊ.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन या शहरात झाला. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडता विषय. पुढे ते बॉनच्या विद्यापीठात तोच विषय शिकवू लागले.

त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. १८५२ साली त्यांनी ब्रह्मदेशातील पेगू प्रांतही जिंकला. तेथे सागाची मोठी जंगले होती. साग म्हणजेच सागवान. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. सागाचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जहाजांसाठी त्याला फार मागणी होती. लाकडाचे व्यापारी मनाला येईल तशी झाडे तोडत होते. हे असेच चालले असते, तर जंगल संपायला वेळ लागला नसता. म्हणून १८५६ साली गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी पेगूची जंगले ब्रँडिस यांच्याकडे सोपवली.

ब्रँडिस यांनी आधी झाडे मोजायला सुरुवात केली. पण एवढ्या दाट जंगलातील झाडे मोजायची कशी? त्यांनी साधी युक्ती केली. ते हत्तीवर बसून जंगलातून जात. एका हातात काठ्या आणि दुसऱ्या हातात चाकू असे. वाटेच्या दोन्ही बाजूंना सागाचे झाड दिसले की ते काठीवर एक खाच पाडत. मोठ्या, मध्यम आणि लहान झाडांच्या खाचा वेगवेगळ्या ठेवत. संध्याकाळी त्या मोजून हिशोब लिहीत.

या हिशोबातून त्यांनी एक नियम काढला. समजा, मध्यम झाड मोठे व्हायला वीस वर्षे लागतात. मग दरवर्षी मोठ्या झाडांपैकी विसावा भागच तोडावा. तोपर्यंत मध्यम झाडे वाढून त्यांची जागा घेतील. विहिरीत जेवढे पाणी झिरपते, तेवढेच उपसले तर विहीर आटत नाही. जंगलाचेही तसेच आहे. व्यापाऱ्यांनी या नियमाला विरोध केला, पण ब्रँडिस मागे हटले नाहीत.

तेथील करेन लोक डोंगरावर जंगल साफ करून शेती करत. त्यांना हाकलून देण्याऐवजी ब्रँडिस यांनी भाताबरोबरच सागाची रोपे लावण्याचे काम त्यांना दिले आणि त्याचे पैसेही दिले. भाताचे पीक निघे आणि मागे सागाचे बन उभे राही.

इकडे भारतात १८५३ पासून आगगाडी धावू लागली होती. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. एका मैलाला दीड हजाराहून अधिक! त्यासाठी साल, साग आणि देवदार यांची बेसुमार तोड झाली. त्यामुळे १८६४ साली सरकारने वनखाते सुरू केले आणि ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. १८७८ साली डेहराडून येथे वनशिक्षणाची शाळा निघाली, तीही त्यांच्याच प्रयत्नांनी.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे. गावकरी पिढ्यानपिढ्या जंगलातून सरपण आणत, गुरे चारत. प्रत्येक गावाला स्वतःचे जंगल असावे, असे ब्रँडिस यांचे मत होते. काही अधिकाऱ्यांना मात्र सगळे जंगल सरकारचेच हवे होते. १८७८ च्या कायद्यात गावाच्या जंगलाचा उल्लेख आला, पण तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. मोठमोठी जंगले राखीव झाली आणि गरिबांची वाट बंद झाली. आपल्या महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याच्या जुलमाविरुद्ध आवाज उठवला. ब्रँडिस यांचा हेतू चांगला होता, तरी ते खाते त्यांनीच उभारले होते, हेही विसरून चालणार नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १८८३ साली, ब्रँडिस निवृत्त झाले. तरी त्यांचे काम थांबले नाही. १९०६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचा भारतातील वृक्षांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी, बॉन येथे त्यांचे निधन झाले.

गावाच्या हक्काची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या आवारात किती झाडे आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? उद्या मोजून पाहा. खाचा मात्र काठीवर पाडा, झाडावर नको!