पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि श्रम

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्तिमिशन तेथेच आहे आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला तोही तेथेच. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला म्हणजे फुले पतिपत्नी, रानडे, आगरकर आणि कर्वे यांची नावे आदराने उच्चारली जातात. रमाबाईंचे नाव मात्र पुष्कळदा अडखळतच घेतले जाते. त्यांची विद्वत्ता मान्य, त्यांची सेवाही मान्य. धर्मांतराचा विषय तेवढा बाजूस ठेवावा, अशी एक सोयीची वाटणी मराठी मनाने करून टाकलेली आहे. परंतु रमाबाईंच्या आयुष्यात अशी वाटणी करता येत नाही. त्यांच्या सेवेचे मूळ त्यांच्या श्रद्धेत होते आणि त्या श्रद्धेची कसोटी त्यांनी अखेरपर्यंत सेवेतच पाहिली. हे दोन धागे वेगळे करू पाहणाऱ्यास दोहोंपैकी एकही नीट हाती लागत नाही.

दुष्काळाचा पहिला धडा

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे शास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यात अध्ययन करीत असता राजवाड्यातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही ती विद्या द्यावयाची असा निश्चय केला. समाजाचा रोष पत्करून त्यांनी तो तडीस नेला. रमाबाईंना संस्कृतचे पाठ मिळाले ते आई लक्ष्मीबाईंच्या तोंडून. स्त्रीच्या मुखाने विद्या देणारी आणि स्त्रीच्या कानाने ती घेणारी ही परंपरा एका कर्मठ घरातच सुरू झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या कुटुंबाचा चरितार्थ पुराणकथनावर चालत असे. तीर्थक्षेत्री जावे, पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, असा क्रम होता. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या जीवनक्रमातील दुबळेपणा उघडा पडला. शेतकऱ्याचे पीक बुडाले की त्याच्या खर्चातून सर्वांत आधी गळते ती दक्षिणा. डोंगरे कुटुंबाला मजुरीची सवय नव्हती, हाताला कसब नव्हते आणि भीक मागणे अभिमानाला मानवत नव्हते. होते ते दागिने व भांडी विकून झाली. थोड्याच काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघेही गेली. उपासमारीच्या या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. विद्या असूनही कमाईचे साधन नसेल तर माणूस कसा मरतो, हे त्यांनी वयाच्या विशीच्या आत पाहिले. पुढे केडगावात त्यांनी जे जे उभे केले, त्याचा अर्थ या अनुभवाशिवाय कळणार नाही.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकत १८७८ मध्ये त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा आणि जातही वेगळी, असा तो विवाह होता. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने ओढून नेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर मूल, गाठीला संस्कृत विद्या आणि सासर-माहेर दोन्ही तुटलेली, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्याने प्रथम त्यांचे कौतुक केले. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार केले पाहिजेत, अशी मागणी त्यांनी केली. परंतु विधवांसाठी घर उघडण्याचा त्यांचा विचार पैशाअभावी आणि पाठिंब्याअभावी जागच्या जागी राहिला.

धर्मांतर आणि सद्सद्विवेक

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. त्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत असत. ज्यांचे नाव घेणेही शिष्ट समाजाला नकोसे वाटते, अशा स्त्रियांना तेथे प्रेमाने वागविले जाते आणि त्या पुन्हा उभ्या राहतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. ग्रंथांतील युक्तिवादापेक्षा या दृश्याने त्यांना अधिक हलविले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याबरोबर आपली बुद्धी चर्चच्या हवाली करून टाकावी, असे त्यांना कधीच वाटले नाही. त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चची अधिकृत धर्मसूत्रे यांविषयी त्यांनी उघड शंका काढल्या. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांनी नापसंती कळविली. तेव्हा मी माझ्या सद्सद्विवेकाला जबाबदार आहे, धर्माधिकाऱ्यांना नव्हे, या आशयाची त्यांची भूमिका ठाम राहिली. स्वदेशी शास्त्रीमंडळींपुढे जी स्त्री वाकली नाही, ती परदेशी पाद्र्यांपुढेही वाकली नाही. त्यांचे धर्मांतर म्हणजे राज्यकर्त्यांच्या संस्कृतीला शरण जाणे होय, असे मानणाऱ्यांनी हा पत्रव्यवहार अवश्य पाहावा.

शारदा सदन आणि पुण्याचा वाद

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. विधवागृहाला दहा वर्षे मदत द्यावयाची आणि तेथे कोणत्याही धर्माची सक्ती करावयाची नाही, असे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. ब्राह्मण मुलींच्या आचारास बाध येऊ नये अशी व्यवस्था तेथे होती. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या कार्यामागे शारदा सदनाच्या उदाहरणाचा वाटा होता, हे विसरता येणार नाही.

त्याच १८९३ साली वादळ उठले. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलाविले नाही. दार लावून घेण्यासही त्या तयार झाल्या नाहीत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रसंगी दोन्ही बाजूंना काही आधार होता. ज्या पालकांनी धर्माच्या बाबतीत तटस्थता गृहीत धरून मुली पाठविल्या, त्यांना फसविले गेल्यासारखे वाटले तर ते अस्वाभाविक नव्हते. दुसऱ्या बाजूस, आपली श्रद्धा चोरून पाळण्यास नकार देणे हा रमाबाईंचा हक्कच होता. मात्र एक प्रश्न पुण्याने त्या वेळी स्वतःस विचारला नाही. या मुलींना निवारा देणारे दुसरे घर शहरात एकही नव्हते. ते नव्हते म्हणूनच बॉस्टनच्या पैशाची गरज पडली होती.

मुक्तीचे अर्थकारण

केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग लावून संस्थेला कायमचे उत्पन्न करून द्यावे, हा मूळ हेतू. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्या हेतूला निराळेच वळण लागले. तारुण्यात पाहिलेली उपासमार आठवून त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींची वस्ती केडगावच्या माळावर झाली. हेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता जातीचा प्रश्न उरला नव्हता. शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांचे होते. मुक्तिसदन शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या आणि रस्त्यावर टाकलेल्या मुलींचे झाले. पुढे फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन आणि अंधांसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली.

दोन हजार तोंडांना रोज दोन वेळ अन्न द्यावयाचे, हा केवळ दयेचा प्रश्न नाही. पाणी हवे, धान्य हवे, कपडा हवा. रमाबाईंनी विहिरी खोदविल्या, शेती व भाजीपाला केला, गाईगुरे पाळली. माग घातले, तेलाचा घाणा बसविला, शिवण, धुलाई व वेतकाम सुरू केले आणि छापखानाही काढला. यांतील बहुतेक कामे स्त्रियाच करीत. प्रत्येकीने अक्षर शिकावे आणि एखादे कसबही शिकावे, हा दंडक होता. अनंतशास्त्र्यांच्या घरात विद्या होती पण कसब नव्हते, म्हणून घर उपाशी मेले. हा हिशेब त्यांची मुलगी विसरली नव्हती. निधीच्या बाबतीत मात्र त्यांची रीत अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसणारी नाही. ठरावीक वर्गणीदारांवर विसंबण्यापेक्षा प्रार्थनेवर विसंबावे, हा जॉर्ज म्यूलर यांचा आदर्श त्यांनी स्वीकारला होता. पण देव देईल म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत, त्यांनी हातांना काम दिले. या देशात संस्था बुडतात त्या बहुधा दोन कारणांनी : एक तर ध्येय संपते, किंवा व्यवस्था कधी उभीच राहिलेली नसते. मुक्तिसदनात दोहोंचा मेळ पडला होता.

मुक्तीचे चर्च कोणत्याही एका पंथाचे नव्हते. शुभ्र लुगडे नेसणाऱ्या स्त्रिया तेथे जमिनीवर बसून देशी चालींची पदे गात. १९०५ मध्ये तेथे धार्मिक जागृतीची मोठी लाट आली आणि केडगावचे नाव जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत पोहोचले. सरकारचा आश्रय मिळविण्यासाठी रमाबाईंनी तोंड कधी बंद ठेवले नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती खोडून काढण्याचा प्रयत्न केला, तरी त्या आपल्या विधानावर ठाम राहिल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. बायबलची उपलब्ध मराठी भाषांतरे खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळत नाहीत, म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. ज्यांचे पांडित्य संस्कृतात होते, त्यांनी संस्कृतप्रचुरतेचा मोह कष्टाने टाळला. खिळे जुळविण्याचे काम मुक्तीच्याच मुलींनी केले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. तो घाव सोसून रमाबाई भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांनीही जगाचा निरोप घेतला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

एक अवघड प्रश्न

दुष्काळात वाचविलेल्या मुलींना ख्रिस्ती वातावरणात वाढविणे योग्य होते काय, हा आक्षेप रमाबाईंच्या हयातीतच घेतला गेला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भुकेल्या मुलीची निवड ही पूर्णतः मोकळी निवड असते, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणणार नाही. मुक्तिसदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ही गोष्ट रमाबाईंनी लपविली नाही आणि तिचे समर्थन करताना त्या डगमगल्याही नाहीत. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी त्या मुलींपुढे दुसरा कोणता पर्याय होता तेही सांगावयास हवे. रस्त्याच्या कडेचा मृत्यू किंवा मुली विकत घेणारे दलाल, एवढेच पर्याय दुष्काळाने शिल्लक ठेवले होते. धर्माचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी त्या मुलींच्या रक्षणासाठी वेळेवर घरे उघडली असती, तर वादाला जागाच उरली नसती. पुढे कर्व्यांनी आणि इतरांनी अशी घरे उघडली, हीच त्या वादाची खरी फलश्रुती होय.

रमाबाईंना १९१९ मध्ये कैसर-ए-हिंद पदक मिळाले. स्वतंत्र भारताने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. सरकारदरबारी सन्मान झाले. समाजाचे देणे अद्याप पुरते फिटलेले नाही. एखाद्या माणसाने श्रद्धा बदलली म्हणून त्याचे आपल्यावरील ऋण कमी होत नाही, इतका साधा न्याय रमाबाईंच्या बाबतीत मराठी समाजाने लावावा. त्यांची प्रार्थना ज्यांना आपली वाटत नाही, त्यांनीही केडगावच्या माळावर त्यांनी खोदविलेल्या विहिरींकडे आणि अक्षर व कसब हाती घेऊन तेथून बाहेर पडलेल्या हजारो स्त्रियांकडे पाहावे, म्हणजे त्या प्रार्थनेचे मोल कळण्यास अडचण पडणार नाही.