शेतकऱ्यांचे वसंतराव नाईक



१ जुलै हा दिवस आपल्या राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेत झाडं लावतात. पण हा दिवस १ जुलैलाच का असतो, ते पुष्कळ मुलांना ठाऊक नाही. त्या दिवशी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला, म्हणून तो कृषी दिन. ते आपल्याच भागातले होते. या वेळच्या भित्तिपत्रकात मी त्यांची माहिती लिहीत आहे.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी गहुली या गावी झाला. गहुली पुसद तालुक्यात आहे. पूर्वी आपलं महागावसुद्धा पुसद तालुक्यातच मोडत होतं. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं ते आणि आपण एकाच तालुक्याचे. त्यांच्या वडिलांचं नाव फुलसिंग नाईक. थोरल्या भावाचं नाव राजूसिंग. आजोबांचं नाव चतुरसिंग. गहुली हे गाव या आजोबांनीच वसवलं.

त्यांचा समाज बंजारा. फार पूर्वी बंजारा लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव न्यायचे. हजारो बैल असायचे. पुढे आगगाडी आली, सडका झाल्या, आणि बैलांवरचा धंदा बसला. मग ते लोक तांडा करून एका जागी राहू लागले आणि शेती करू लागले. आपल्या तालुक्यातही किती तरी तांडे आहेत. तांड्याचा जो प्रमुख असतो त्याला नाईक म्हणतात. म्हणून त्यांचं आडनाव नाईक पडलं.

वसंतराव लहानपणापासून वावरात वाढले. बैल, पेरणी, डवरणी, सोंगणी हे सगळं त्यांनी घरीच पाहिलं. पण शाळा जवळ नव्हती. त्यांना शिकायला वेगवेगळ्या खेड्यांत जावं लागलं. आज एका गावच्या शाळेत, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या. तांड्यात बंजारा बोली आणि शाळेत मराठी. तरी त्यांनी शाळा सोडली नाही. त्यांच्या वडिलांनीही पोराला घरी ठेवलं नाही. त्या काळी तांड्यावरच्या पोराला इतकं शिकवणं ही सोपी गोष्ट नव्हती. पोरगं शिकायला गेलं म्हणजे वावरातले दोन हात कमी होतात, हे आपल्या सगळ्यांच्या घरी माहीत आहे.

पुढे ते नागपूरला शिकायला गेले. तिथल्या मॉरिस कॉलेजातून ते १९३८ साली बी. ए. झाले आणि १९४० साली वकिलीची परीक्षा पास झाले. मग ते अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली वकिली शिकले. पंजाबरावसुद्धा शेतकऱ्याचेच पोर. त्यांचं गाव पापळ, जिल्हा अमरावती. ते शेतातून शिकत शिकत विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहं काढली. १९५२ ते १९६२ ते भारताचे शेती खात्याचे मंत्री होते. असे गुरू मिळाले म्हणजे शिष्यही तसाच होतो, असं आमचे गुरुजी म्हणतात.

नंतर वसंतरावांनी पुसदला वकिली केली. त्यांच्याकडे शेतकरी आणि गरीब लोक येत. ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली आमदार म्हणून निवडून आले. पुढे त्यांनी सहकार, शेती आणि महसूल ही खाती सांभाळली. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. ही ११ वर्षांहून जास्त होतात. महाराष्ट्रात इतका काळ कुणीच मुख्यमंत्री राहिलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल. आपल्या शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद हे शब्द लिहिलेले आहेत. ही जिल्हा परिषद आली कुठून? १९६० साली सरकारनं एक समिती नेमली. गावाचा कारभार गावच्या लोकांनी कसा करावा, हे तिनं ठरवायचं होतं. त्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. म्हणून तिला नाईक समिती म्हणतात. तिनं सांगितलं की जिल्ह्याला जिल्हा परिषद, तिच्याखाली पंचायत समिती आणि गावात ग्रामपंचायत असावी. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. ज्या पोराला शाळेसाठी गावोगाव फिरावं लागलं, त्यानंच मोठं होऊन गावोगावच्या शाळांचा असा बंदोबस्त केला. मला ही गोष्ट फार आवडली.

ते मुख्यमंत्री झाले तेव्हा देशात धान्य कमी होतं. परदेशातून गहू आणि लाल मिलो ज्वारी बोटीनं यायची. लोक रेशनच्या दुकानापुढे रांगा लावायचे. १९६५ साली पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर वसंतरावांनी सगळ्यांसमक्ष प्रतिज्ञा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वावलंबी झाला नाही तर मला इथंच फाशी द्या, असं ते बोलले. मुख्यमंत्र्यानं असं बोलणं ही लहान गोष्ट नाही.

मग गावोगाव हायब्रीड ज्वारी आली. पहिली हायब्रीड ज्वारी १९६४ साली निघाली. तिचं नाव सीएसएच-१. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या जातींचा संकर करून तयार केलेलं बी. त्यानं पीक जास्त येतं, पण घरचं बी पुन्हा पेरून तसं पीक येत नाही. दर वर्षी नवं बी घ्यावं लागतं. आमचे आबा सांगतात की पहिल्यांदा लोक या ज्वारीला भ्यायचे. ताटं बुटकी म्हणून बैलांना कडबा कमी मिळायचा. सोंगणीच्या वेळी पाऊस आला तर कणसं काळी पडायची. गावरान ज्वारीच्या भाकरीची चव तिला नव्हती. पण पोट भरायचं. विहिरी, इंजिनं, खतं आणि बी यांच्यासाठी वसंतरावांनी खूप खटपट केली. म्हणून त्यांना महाराष्ट्रातल्या हरितक्रांतीचे जनक म्हणतात.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरं उपाशी राहिली. तेव्हा सरकारनं लोकांना फुकट बसवून न ठेवता कामं दिली. सडका, पाझर तलाव, नालाबांध अशी कामं निघाली. खायला सुकडी मिळायची. आमच्या पणजीनं तेव्हा खडी फोडली. आजी लहान होती, ती घमेलं उचलायची. मागेल त्याला काम ही रोजगार हमी योजना तेव्हाच वाढली. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. कापसाला बरा भाव मिळावा म्हणून एकाधिकार कापूस खरेदीसुद्धा १९७२ सालीच सुरू झाली. ती आता बंद झाली आहे.

आता मी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. शेतीचं शिक्षण देणारी विद्यापीठं आपल्या राज्यात वसंतरावांच्या काळात झाली. त्याआधी शेतकी कॉलेजं होती, पण थोडी. १९६८ साली राहुरीला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं. तेव्हा विदर्भातले लोक म्हणाले की राहुरी आम्हाला फार लांब आहे. तिथली माती, पाऊस आणि पिकं वेगळी. आमच्या काळ्या मातीचा आणि कपाशीचा अभ्यास आमच्याकडेच व्हावा. विद्यापीठ अकोल्याला व्हावं म्हणून १९६७ सालीच मोठं आंदोलन झालं होतं. त्यात पोलिसांच्या गोळीबारात काही जणांचा जीव गेला. शेतीच्या शाळेसाठी माणसांनी जीव दिला, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा मुख्यमंत्री वसंतरावच होते. शेवटी २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याला पंजाबरावांचं नाव दिलं. १९७२ साली कोकणात दापोलीला आणि मराठवाड्यात परभणीला अशी आणखी दोन झाली. कोकणात भात आणि आंबा, आपल्याकडे कापूस आणि तूर. जशी माती तसं विद्यापीठ. आता परभणीच्या विद्यापीठाला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. २०१३ साली त्यांच्या जन्माला १०० वर्षं झाली, तेव्हा ते दिलं.

कृषी विद्यापीठात तीन कामं चालतात. एक, मुलामुलींना शिकवणं. दुसरं, नवीन बी आणि नवीन पद्धती शोधणं. तिसरं, शोधलेलं शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन दाखवणं. अकोल्याच्या विद्यापीठाला लोक पीकेव्ही म्हणतात. पीकेव्ही हायब्रीड-२ नावाचं कपाशीचं वाण तिथलंच. बारावीला विज्ञान घेतलं की कृषीला जाता येतं. पदवीला चार वर्षं लागतात. तिथं माती, बी, कीड, पाणी, अवजारं, गुरं, बाजार असे सगळे विषय असतात. यवतमाळलाही वसंतराव नाईक यांच्या नावाचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. शिकून झाल्यावर कुणी कृषी अधिकारी होतं, कुणी शास्त्रज्ञ, कुणी बँकेत शेतीकर्जाचं काम बघतं, कुणी स्वतःची रोपवाटिका काढतं. आणि कुणी परत वावरात येतं.

हे मी का लिहितो, ते सांगतो. मागे गुरुजींनी वर्गात विचारलं की मोठेपणी कोण काय होणार. कुणी पोलीस म्हणालं, कुणी डॉक्टर, कुणी फौजी, कुणी मास्तर. आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांच्या घरी शेती आहे, नाहीतर आईबाबा शेतमजुरीला जातात. पण शेतीचं कुणी बोललं नाही. घरी पण असंच सांगतात की शीक, नाहीतर डवऱ्यामागं फिरावं लागेल. आईबाबांचं चुकत नाही. पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, भाव पडतो, कर्ज फिटत नाही. आपल्या जिल्ह्यात किती घरांवर दुःख आलं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यांना वाटतं, पोरानं यातून सुटावं.

पण मला एक वाटतं. शिकलेली सगळी पोरं शेती सोडून गेली तर शेतीचा विचार कोण करणार? बोंडअळी का येते, कोणत्या मातीला कोणतं खत कमी आहे, पाणी कसं जिरवावं, हे शोधायला शिकलेलंच माणूस लागतं. आणि ज्यानं उन्हात निंदण केलं आहे, त्याला ते जास्त समजतं. आमच्या शेजारची एक ताई आता अकोल्याला कृषी शिकते. सुट्टीत आली की ती माती पिशवीत भरते आणि तपासायला नेते. तिचे बाबा पहिल्यांदा हसले होते. आता ते तिला विचारून खत टाकतात. मागल्या वर्षी त्यांच्या दोन गोण्या कमी लागल्या.

वसंतराव शिकले, वकील झाले, मुख्यमंत्री झाले, पण शेतीला विसरले नाहीत. मुंबईला राहूनही त्यांचं मन पिकापाण्याकडे असायचं. १९७७ साली ते वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर इथं त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं वय ६६ वर्षांचं होतं.

मित्रांनो, शिकणं म्हणजे शेतीतून पळून जाणं नव्हे. शेतीसाठीही शिकता येतं. वसंतरावांच्या लहानपणी शाळा लांब होती. आपली शाळा तर गावातच आहे. मग आपण रोज शाळेत आलं पाहिजे. आणि आईबाबांना माझी एक विनंती आहे. कापूस वेचायच्या दिवसांत आम्हाला, आणि मुख्य म्हणजे आमच्या बहिणींना, शाळेतून घरी ठेवू नका. त्यांच्यातूनच कुणी उद्या तुमच्या वावराची शास्त्रज्ञ होईल.

अशा या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला माझं विनम्र अभिवादन.

थोडक्यात लक्षात ठेवा
१९१३ : गहुली येथे जन्म
१९४० : वकिलीची परीक्षा पास
१९६२ : जिल्हा परिषदा सुरू
१९६३ ते १९७५ : महाराष्ट्राचे मुख्यमंत्री
१९६८ : राहुरी कृषी विद्यापीठ
१९६९ : अकोला कृषी विद्यापीठ
१९७२ : दापोली आणि परभणी कृषी विद्यापीठे
१९७९ : निधन

सांगा पाहू
१) आपल्या राज्यात किती कृषी विद्यापीठे आहेत? ती कोणत्या गावी आहेत?
२) हायब्रीड ज्वारीचं बी दर वर्षी नवं का घ्यावं लागतं?
३) तुमच्या वावरातली माती कधी तपासली आहे का? घरी विचारून या.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ