विश्लेषण : बॅले शिकणारी मेरी ‘हंटरवाली’ कशी झाली?

धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी सुरू आहे. एका बाजूला तीन-चार गुंड, दुसऱ्या बाजूला सोनेरी केसांची, धिप्पाड बांध्याची एक तरुणी. ती एकाला गुद्दा हाणते, दुसऱ्याला सरळ खांद्यावर उचलून घेते. ‘मिस फ्रंटियर मेल’ या चित्रपटातले हे दृश्य १९३६ सालचे. त्या काळी कमरेला बांधायच्या तारा नव्हत्या आणि संगणकाने मागची दृश्ये बदलण्याची सोयही नव्हती. ही नायिका आपल्या जागी दुसऱ्या कुणाला उभे करत नसे. पडद्यावर तिचे नाव ‘फिअरलेस नादिया’, म्हणजे निडर नादिया, असे झळके. हे ‘निडर’ विशेषण तिला इतके चिकटले, की त्यामागची दहा-बारा वर्षांची तालीम झाकली गेली.

नादिया मूळची कोण?

तिचे खरे नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८ चा, ऑस्ट्रेलियातील पर्थचा. वडील ब्रिटिश लष्करात. ती पाच वर्षांची असताना कुटुंब मुंबईत आले. पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि १९१५ मध्ये वडील रणांगणावर मारले गेले. त्यानंतर मायलेकींचा मुक्काम वायव्य सरहद्द प्रांतात, पेशावरकडे हलला. घोड्यावर बसणे, बंदूक चालवणे, शिकार, मासेमारी हे सारे मेरी तिथे शिकली. पुढे ज्या गोष्टींवर तिने पडदा गाजवला, त्यातल्या निम्म्या या डोंगराळ मुलखाने तिला फुकटात दिल्या होत्या.

१९२८ मध्ये ती मुंबईला परतली तेव्हा सोबत आई होती आणि पदरी एक लहान मुलगा. घर चालवणे भाग होते. काळा घोडा परिसरातल्या ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ या बड्या दुकानात ती विक्रेती म्हणून उभी राहिली. शॉर्टहँड आणि टायपिंग शिकून बरी नोकरी मिळवावी, असाही तिचा विचार होता. तो तडीस गेला असता तर फोर्टातल्या एखाद्या कचेरीत तिचे आयुष्य गेले असते.

मग नृत्याकडे ती कशी वळली?

कारण अगदी साधे होते : वजन. अंगाने स्थूल असल्याची तिला चिंता वाटे आणि ते कमी व्हावे म्हणून तिने नाचाचा वर्ग धरला. मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा या रशियन नर्तकी तेव्हा मुंबईत बॅले शिकवत असत. त्यांनी या विद्यार्थिनीला आपल्या नृत्यपथकात घेतले. लष्करी छावण्यांत गोऱ्या सैनिकांसमोर, संस्थानिकांच्या दरबारात आणि लहानसहान गावांतही हे पथक कार्यक्रम करत हिंडे.

बॅले हा नाजूक, तरंगणारा नाच वाटतो, पण त्याची तालीम अंगमेहनतीची असते. उंच उडी मारून खाली येताना गुडघे वाकवून साऱ्या देहाचा भार कसा पेलायचा, गिरक्या घेताना नजर एका बिंदूवर ठेवून तोल कसा राखायचा, हे तिथे रोज घोटून घेतात. मेरी याच पथकात हातांवर उलटून चाकासारख्या कोलांट्या घेणे आणि दोन्ही पाय सरळ रेषेत पसरून जमिनीला टेकणे शिकली. वजन काही फारसे उतरले नाही, मात्र ते वजन हवेत फेकून पुन्हा झेलण्याची कला तिच्या अंगी आली. छपरावरून उडी टाकणाऱ्या नटीला याहून कामाचे दुसरे शिक्षण नसते.

‘नादिया’ हे नाव याच दिवसांतले. एका आर्मेनियन ज्योतिषी बाईने तिला ‘न’ अक्षरावरून नाव घे, भरभराट होईल, असे सांगितले म्हणतात. ज्योतिषाचे काय ते असो. मेरी इव्हान्सपेक्षा नादिया हे नाव जाहिरातीच्या फलकावर जास्त शोभत होते, एवढे मात्र खरे. १९३० मध्ये ती झार्को सर्कशीत दाखल झाली. नंतर एकटीनेच रंगमंचीय कार्यक्रम करत ती देशभर फिरली. त्या काळी चित्रपटगृहांतही खेळाच्या जोडीला नाचगाण्याचे कार्यक्रम होत. लाहोरच्या एका चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाने तिचा असाच कार्यक्रम पाहिला आणि मुंबईच्या वाडियांना तिच्याविषयी कळवले.

वाडिया कोण, आणि त्यांनी तिच्यात काय पाहिले?

लवजी नसरवानजी वाडिया हे अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईत येऊन जहाजे बांधणारे नामांकित कारागीर. त्यांच्या वंशातल्या जमशेद म्हणजेच जेबीएच वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी घराण्याची वाट सोडून चित्रपट काढायला घेतले. १९३३ मध्ये ‘वाडिया मूव्हीटोन’ स्थापन झाली. तिचा स्टुडिओ होता परळला, घराण्याच्या लवजी कॅसल या वाड्यात, म्हणजे ऐन गिरणगावात. जेबीएच एमए, एलएलबी झालेले आणि हाडाचे वाचक. तरीही त्यांचा ओढा घोडदौड, तलवारबाजी आणि आगगाड्यांच्या शर्यती असलेल्या देमार चित्रपटांकडे होता. अमेरिकी मूकपटांतल्या धाडसी नायक-नायिकांनी भारतीय प्रेक्षकांना आधीच वेड लावले होते.

निळ्या डोळ्यांची ही गोरी बाई समोर उभी राहिली, तेव्हा जेबीएच थोडे चक्रावलेच. तिचे हिंदी कच्चे होते. तिने ‘नंदादेवी’ असे नाव घ्यावे आणि लांब काळी वेणी लावावी, असे त्यांनी सुचवले. तिने दोन्ही साफ नाकारले. आपण देवी नाही आणि ‘नादिया’चे ‘वाडिया’शी यमक चांगले जुळते, असा तिचा युक्तिवाद होता. जेबीएच यांनी हट्ट सोडला. आधी ‘देश दीपक’मध्ये गुलाम मुलीची छोटी भूमिका, पाठोपाठ ‘नूर-ए-यमन’मध्ये राजकन्या परिजाद, अशी तिची चाचणी झाली. प्रेक्षक तिला पाहून हसले नाहीत, उलट खूश झाले. मग तिच्यासाठीच म्हणून एक चित्रपट बेतला गेला.

‘हंटरवाली’त असे काय होते?

गोष्ट सरधोपट आहे. कपटी वजीर राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरी बुरखा चढवून, हातात हंटर घेऊन रात्री गोरगरिबांच्या रक्षणासाठी घोड्यावरून निघते. दिग्दर्शन होमी यांचे. चित्रपट तयार झाला खरा, पण तो घ्यायला वितरक पुढे येईनात. तोकडी विजार, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात चाबूक आणि पुरुषांना झोडपणारी गोरी नायिका, हे पचेल का, अशी त्यांना शंका होती. अखेर वाडियांनी भागीदाराच्या साथीने स्वतःच धोका पत्करला. जून १९३५ मध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात ‘हंटरवाली’ लागला आणि पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. ‘हंटरवाली’ छापाच्या काडेपेट्या, पट्टे, चाबूक बाजारात आले. त्यातला पैसा अर्थात वाडियांना मिळाला नाही, कारण कुणी परवानगी घेतलीच नव्हती.

पिटात बसून शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट उमजत होती. ब्रिटिश सेन्सॉर स्वातंत्र्याचा उघड उच्चार कापून टाकत असे. मात्र राजाला कैद करून प्रजेला छळणारा वजीर आणि त्याच्याविरुद्ध उठणारी राजकन्या यावर कात्री कशी चालवणार? जेबीएच राजकारणात रस घेणारे होते, पुढे ते एम. एन. रॉय यांच्या विचारांकडे वळले. हिंदू-मुस्लीम ऐक्य, साक्षरता, स्त्रियांचे हक्क हे विषय ते मारामारीच्या दोन प्रसंगांमध्ये बेमालूम घुसवत. ‘डायमंड क्वीन’ (१९४०) मध्ये नादिया मुंबईत शिकून गावी परतते आणि तिथल्या भ्रष्ट कारभाऱ्यांशी भिडते. परकीय सत्तेविरुद्धचा राग ब्रिटिश सैनिकाच्या मुलीच्या तोंडून व्यक्त व्हावा, यातली गंमत तेव्हाच्या प्रेक्षकाला बहुधा खटकली नाही. तिला त्यांनी ‘बंबईवाली’ म्हणून स्वीकारले होते, आणि १९४१ मध्ये त्याच नावाचा तिचा चित्रपटही आला.

हे स्टंट प्रत्यक्षात कसे होत?

कॅमेऱ्याची एक युक्ती तेव्हाचे सगळेच वापरत. चित्रीकरण कमी वेगाने करायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल झपाट्याने दिसते. बाकी उड्या, पडणे, दोरावर लोंबकळणे हे ज्याचे त्यानेच करायचे. नादियासोबत जॉन कावस असे. हा पारशी शरीरसौष्ठवपटू पुढे तिचा नेहमीचा नायक झाला. ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा, ‘गनबोट’ नावाचा कुत्रा आणि ‘रोल्स रॉइस की बेटी’ म्हणून सजवलेली एक खटारा मोटार यांना श्रेयनामावलीतल्या नटांइतकाच भाव होता. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती आखूड कपड्यांत वजने उचलून व्यायाम करतानाही दिसते. १९३६ च्या भारतीय पडद्यावर स्त्रीचा व्यायाम हे दृश्य किती नवे असेल, याची कल्पना करून पाहावी.

सगळ्यात जोखमीचे काम ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) चे ठरले. सिंहांसोबत पिंजऱ्यात चित्रीकरण चालू असताना एका सिंहिणीने थेट नटांच्या आणि कॅमेऱ्याच्या वरून झेप घेतली. सारे बचावले ते नशिबाने. नादियाने त्यानंतरही काम थांबवले नाही. जायबंदी झाल्यास घर कसे चालेल, हा प्रश्न तिच्यासारख्या कमावत्या बाईपुढे रोजचाच असणार.

मग तिला ‘मोठी नटी’ का म्हटले गेले नाही?

याचे उत्तर १९३६ च्याच आणखी एका चित्रपटाशी ताडून पाहता येते. त्या वर्षी पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘अमर ज्योती’ काढला. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात दुर्गा खोटे यांनी पुरुषी अन्यायाविरुद्ध उठलेली समुद्री चाच्यांची राणी उभी केली. त्याला जाणकारांची दाद मिळाली, तो व्हेनिसच्या महोत्सवातही पोहोचला. विषय फार वेगळा नव्हता. पण प्रभातची गणना कलेत झाली आणि वाडियांची पिटातल्या करमणुकीत. नादियाचे चित्रपट समीक्षकांनी फारसे मनावर घेतले नाहीत, आणि तशा चित्रपटांच्या प्रती जपण्याची निकडही कुणाला वाटली नाही. त्या काळातले बरेच स्टंटपट आज पाहायलाच मिळत नाहीत. हा अन्याय होता, असे आता म्हणायला हरकत नाही.

खुद्द जेबीएच यांनाही या शिक्क्याचा कंटाळा आला होता. त्यांना प्रतिष्ठित चित्रपट करायचे होते. त्यांनी साधना बोस यांना घेऊन ‘राज नर्तकी’ (१९४१) काढला, तोही इंग्रजी आवृत्तीसह. खर्च अफाट झाला. १९४२ मध्ये भाऊ वेगळे झाले. होमी यांनी ‘बसंत पिक्चर्स’ काढली, आणि लवजी कॅसलच्या आवारात प्रभात सोडून आलेल्या शांताराम यांचे ‘राजकमल कलामंदिर’ उभे राहिले. नादियाने जिथे हंटर फिरवला, त्याच जागी पुढे मराठी-हिंदीतले अनेक गाजलेले चित्रपट घडले. नादिया होमी यांच्याबरोबर गेली. ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) ने नव्या कंपनीला हात दिला. तरी पुढे बसंतला पौराणिक चित्रपटांनीच अधिक तारले.

पडद्याबाहेर ती कशी होती?

नादिया आणि होमी यांचे प्रेम स्टुडिओत सर्वांना ठाऊक होते, लग्न मात्र होत नव्हते. होमी यांच्या आईला पारशी नसलेली, त्यातून एका मुलाची आई असलेली सून मान्य नव्हती. जेबीएच या दोघांच्या बाजूने होते, पण होमी यांना आईचे मन मोडायचे नव्हते. पडद्यावर सिंहासने उलथवणारी नादिया इथे थांबून राहिली, एक-दोन नव्हे, वीसहून अधिक वर्षे. आईच्या निधनानंतर १९६१ मध्ये दोघांनी लग्न केले, तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. होमी यांनी तिच्या मुलालाही आपले नाव दिले.

पन्नाशीकडे झुकल्यावरही तिने काम सोडले नव्हते. ‘कार्निव्हल क्वीन’ (१९५५), ‘सर्कस क्वीन’ (१९५९) अशी शीर्षके पाहिली, की जुन्या तालमीचे दिवस तिच्याबरोबर किती दूर आले ते कळते. शेवटचा चित्रपट ‘खिलाडी’ (१९६८) हेरगिरीपटांची टवाळी करणारा. तेव्हा तिने साठी गाठली होती.

विस्मरणातून ती परत कशी आली?

१९८० मध्ये गिरीश कार्नाड यांनी तिच्यावर लेख लिहिला. बालपणी तिचे चित्रपट पाहून भारावलेल्या पिढीतले ते एक. १९९३ मध्ये जेबीएच यांचे नातू रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट केला आणि परदेशांतल्या प्रेक्षकांनीही तिला पाहिले. पंचाऐंशीची नादिया तेव्हा हयात होती. मुंबईत ९ जानेवारी १९९६ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिचे निधन झाले. नंतर जर्मन लेखिका डोरोथी वेनर यांनी तिचे चरित्र लिहिले. २०१७ मध्ये ‘रंगून’मध्ये कंगना राणावतने केलेल्या भूमिकेमुळे तिचे नाव पुन्हा चर्चेत आले. पुढच्याच वर्षी, तिच्या एकशेदहाव्या जयंतीला, गूगलच्या पानावर सोनेरी केसांची, हंटर घेतलेली एक बाई झळकली, आणि ही कोण, हे कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच शोधले.