जॉर्ज वॉशिंग्टन यांचा निरोप

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव घेतले की पुष्कळांना लहानपणी ऐकलेली चेरीच्या झाडाची गोष्ट आठवते. ती गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने छापली आणि तिला काही आधार नाही, असे अभ्यासक मानतात. खरी सांगण्याजोगी गोष्ट निराळी आहे. सत्ता हातात असताना ती आपण होऊन सोडणाऱ्या या माणसाने जाताना आपल्या लोकांना काय सांगितले, ही ती गोष्ट.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. अकराव्या वर्षी वडील वारले. कॉलेजचे शिक्षण मिळाले नाही. तरुणपणी ते जमिनीची मोजणी करीत. १७७५ साली इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सैन्याचे ते सरसेनापती झाले. १७८२ मध्ये त्यांच्याच एका कर्नलने त्यांनी राजा व्हावे असे सुचविणारे पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी त्याची कडक कानउघाडणी केली. पुढच्या वर्षी युद्ध संपताच त्यांनी आपला अधिकार काँग्रेसला परत केला व माउंट व्हर्ननची शेती गाठली.

१७८९ मध्ये ते एकमताने राष्ट्राध्यक्ष झाले. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १७९० मध्ये, ते ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट या गावी गेले असता तेथील यहुदी मंडळींनी त्यांना मानपत्र दिले. वॉशिंग्टन यांच्या उत्तरात मीखा संदेष्ट्याच्या वचनातली द्राक्षवेल आणि अंजिराचे झाड आहे. इतरांनी सहन करून घ्यावे अशी उपकाराची वागणूक तुम्हांला नको, समान नागरिक म्हणून तुमचा हक्क आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. त्या काळी युरोपातल्या किती राजांनी असे लिहिले असते?

पहिली मुदत संपताच त्यांना घरी जायचे होते. १७९२ मध्ये त्यांनी मॅडिसन यांच्याकडून निरोपाचा मसुदाही करून घेतला, पण सहकाऱ्यांनी जाऊ दिले नाही. चार वर्षांनी त्या मसुद्यात भर घालून त्यांनी तो हॅमिल्टन यांच्याकडे दिला. गंमत अशी, की तोवर मॅडिसन आणि हॅमिल्टन एकमेकांचे कट्टर विरोधक झाले होते, आणि पक्षद्वेषापासून सावध करणाऱ्या पत्राला या दोघांचेच हात लागले. विचार मात्र वॉशिंग्टन यांचे होते. वर्तमानपत्रांनी शेवटची काही वर्षे त्यांना सोलून काढले होते, त्यामुळे हा विषय त्यांना चांगलाच ठाऊक होता.

ते पत्र १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात छापून आले. त्याला निरोपाचे भाषण म्हणतात, पण त्यांनी ते कोणत्याही सभेत वाचले नाही. उत्तर आणि दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असा भेद माजवू देऊ नका, कारण एकी गेली तर स्वातंत्र्यही जाईल, हा त्याचा गाभा. पक्षांचे वैर वाढले की लोक कंटाळून एका माणसाच्या हाती सारे सोपवितात, असा इशाराही त्यांनी दिला. कर्ज कमी ठेवा, शिक्षण वाढवा, सर्व राष्ट्रांशी नेकीने वागा, पण कोणाशी कायमचे वैर धरू नका आणि कायमचे गुंतूनही पडू नका, असे त्यांनी सांगितले. मार्च १७९७ मध्ये ते घरी गेले. दोनपेक्षा अधिक वेळा निवडून न येण्याची रीत पुढे १९४० पर्यंत टिकली. ती रूझवेल्ट यांनी मोडली, म्हणून १९५१ मध्ये तसा कायदाच घटनेत घालावा लागला.

एवढ्या लांब पत्रात एका गोष्टीचा उच्चार नाही, आणि ती म्हणजे गुलामगिरी. उत्तर-दक्षिण फूट पुढे तिच्यामुळेच पडली व १८६१ मध्ये यादवी पेटली. १८६२ साली, भर युद्धात, त्यांच्या जन्मदिनी काँग्रेसमध्ये हे पत्र मोठ्याने वाचण्यात आले. फुटीचे कारण मात्र त्यात सापडण्याजोगे नव्हते. हे मौन अजाणतेपणाचे होते असे मला वाटत नाही. जुलै १७९९ मध्ये त्यांनी आपले मृत्युपत्र लिहिले आणि आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, म्हाताऱ्यांना व मुलांना सांभाळावे, अशी तरतूद केली. १४ डिसेंबर १७९९ रोजी ते वारले. मार्था वॉशिंग्टन यांनी स्वतःच्या मृत्यूची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्या लोकांना मोकळे केले. त्यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले सुमारे दीडशे गुलाम मात्र कायद्याने वारसांकडे जायचे होते. त्यांतल्या कित्येकांचे नवरे, बायका नि मुले या १२३ जणांत होती.