आरमाराला माणसे शिकवणारा अमात्य

रविवारी सकाळी, धरणावर गर्दी होण्यापूर्वी खडकवासल्याला गेलात, तर पलीकडे पीकॉक बेच्या बाजूला कधीकधी पांढऱ्या शिडांच्या होड्या दिसतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र तिथे शीड सांभाळायला शिकतात. जे पाणी पुण्याच्या नळांना येते, त्याच पाण्यावर उद्याचे नौदल अधिकारी समुद्राची मुळाक्षरे गिरवतात, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. समोर सिंहगड असतो. १७०० साली राजाराम महाराजांनी त्याच गडावर देह ठेवला. गडाकडे पाहिले, की मला महाराजांच्या कारभाऱ्याची आठवण होते. रामचंद्र नीलकंठ बावडेकर, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य. समुद्रावर जाणाऱ्याने तोफेच्या आधी माणसे ओळखायला शिकावे, हे या गृहस्थाने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

शाळेच्या पुस्तकात पंत आपल्याला ओझरते भेटतात. त्यांचा जन्म १६५०च्या सुमाराचा. वडील नीलो सोनदेव शिवाजी महाराजांच्या विश्वासातले कारभारी. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून उभे असलेले रामचंद्रपंत चोवीस वर्षांच्या आसपासचे होते. त्या वयात मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो आणि व्हाउचरवर सही करताना माझा हात कापत असे. पंतांच्या हाती राज्याचा जमाखर्च होता!

खरी कसोटी १६८९ साली लागली. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे राहिलेला मुलूख औरंगजेबाच्या फौजांनी वेढलेला. महाराजांनी पंतांना ‘हुकुमतपनाह’ हा किताब देऊन इकडचा कारभार सोपवला. शंकराजी नारायण, संताजी, धनाजी अशा माणसांना सांभाळत, रिकाम्या खजिन्यावर त्यांनी राज्य तगवून धरले. पुढे ताराबाईंचा काळ आला, १७०७ साली शाहू महाराज सुटून आले आणि घराण्यात दोन गाद्या झाल्या. पंत कोल्हापूरकडे राहिले. १७१४ साली पन्हाळ्यावर जो पालट झाला, त्यात ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्या पालटात पंतांचा हात होता. ज्या बाईंची चाकरी केली त्यांच्याच विरुद्ध ते उभे राहिले. चरित्र लिहायचे तर हेही लिहायला हवे.

त्यानंतर वर्षभराने, शके १६३७ म्हणजे इसवी सन १७१५च्या नोव्हेंबरात, ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. ते निघाले संभाजी महाराजांच्या नावाने. परंपरा आणि बहुतेक अभ्यासक त्याचे कर्तृत्व पंतांकडे देतात. राजा सतरा-अठरा वर्षांचा, अमात्य पासष्टीचे. राज्य कसे करावे याचा हा धडा. त्यात राजा, प्रधान, सावकार, वतनदार, किल्ले यांच्यावर प्रकरणे आहेत आणि शेवटी आरमारावर एक. दोनच वर्षांपूर्वी कान्होजी आंग्रे शाहू महाराजांकडे गेले होते. म्हणजे मराठी आरमाराचा मोठा वाटा दुसऱ्या गादीकडे गेला असताना हा वृद्ध माणूस आरमार कसे चालवावे ते लिहीत होता.

हे प्रकरण मी प्रथम वाचले ते कॉलेजात, परीक्षेपुरते. त्याचा अर्थ कळला तो फार नंतर, आणि तोही एका चुकीमुळे. ऐंशीच्या दशकात कोकणात एका खाडीकाठच्या शाखेत माझी बदली झाली. होड्यांसाठी आम्ही कर्जे दिली होती आणि परतफेडीचे हप्ते बारा महिन्यांचे सारखे लावले होते. आषाढात हप्ते थकले. मी नोटिसा काढल्या आणि शिपायाला घेऊन स्वतः वसुलीला गेलो. बाहेर समुद्र गर्जत होता आणि झापांनी शाकारलेल्या होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्या होत्या. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने मला पडवीत बसवून चहा दिला आणि अगदी अदबीने विचारले, की साहेबांच्या कॅलेंडरात पावसाळा नसतो काय? मी पुण्याचा. समुद्र मला ठाऊक होता तो सहलीपुरता. चहा घशाखाली उतरेना.

त्या रात्री खोलीवर येऊन मी आज्ञापत्र पुन्हा काढले. आरमाराने पावसाळ्यात छावणी कुठे करावी, याबद्दल पंतांनी बारकाईने लिहिले आहे. समुद्र खवळण्याआधीच जहाजे खाडीत, किल्ल्याच्या आश्रयाला आणावीत आणि तिथे चौकी-पहारा ठेवावा. पण दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, कारण आरमाराची माणसे एकाच गावावर वर्षानुवर्षे बसली तर त्या गावाला जाच होतो. शत्रूचा विचार आणि गावकऱ्याचा विचार पंतांनी एकाच दमात केला आहे.

आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा उतारा आपल्याकडे पर्यावरणदिनी हमखास ऐकू येतो. तो आरमाराच्या प्रकरणातला आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. जहाजांना लाकूड लागते. ते सरकारी रानातून परवानगीने घ्यावे, बाकीचे विकत आणावे. फळझाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. किनाऱ्यावरची रयत दुखावली, तर तिच्या शापाने राज्यावर संकट येते, असे पंत बजावतात.

हाच धागा सर्वत्र आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, जहाजे फार मोठी नसावीत, कारण मोठे जहाज वाऱ्यावाचून अडते. आरमाराचा पगार बंदराच्या उत्पन्नावर लावू नये, नाहीतर आरमारवाले पगारासाठी व्यापाऱ्याला पिळतील आणि बंदर बुडेल. कोळी आणि सावकार यांना उपद्रव देऊ नये. परक्या मुलखाचे जहाज आले तर अंगावर न जाता दिलासा देऊन बंदरात आणावे, लाकूड-पाणी हवे-नको पाहावे. पण लढाईत शत्रू हरल्यासारखा दिसून कौल मागू लागला, तरी चटकन जवळ जाऊ नये. तोफेच्या माऱ्यात ठेवूनच बोलणी करावी. कुठे मऊ व्हायचे आणि कुठे सावध राहायचे, हे पंतांना नेमके ठाऊक होते.

सर्वांत कडक सावधगिरी टोपीकरांबाबत. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी नावे घेऊन पंत सांगतात, की हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी राजा आहे. हाती आलेली जागा ते सोडत नाहीत. त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा, म्हणून त्यांना वखारीसाठी खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रकाठी जागा देऊ नये. द्यायचीच तर आत, सखल भागात द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. यामागे अनुभव होता. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. पंत तेव्हा दहा वर्षांचे असतील, पण ती गोष्ट ऐकतच ते मोठे झाले असणार.

१७१६च्या आरंभी पंत पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी तिथेच आहे.

पुढचे लिहिताना पुणेकर म्हणून मला संकोच वाटतो. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते. त्यांना मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला, १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या व्यवहारात इंग्रजांना बाणकोट मिळाले. बाणकोट कुठे आहे? सावित्री नदीच्या मुखाशी! जी जागा देऊ नये म्हणून पंतांनी लिहिले होते, तसलीच जागा चाळीस वर्षांनी पुण्याने दिली. १८१७च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्याला कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक विजयदुर्गाच्या पाण्यात बुडालेले आहे.

पंतांचे धडे जुने झालेले नाहीत. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे एका पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले. किनाऱ्यावर उतरताना ते अनोळखी चेहरे प्रथम खटकले ते कोळीवाड्यातल्या लोकांना. २०१२ साली केरळजवळ एका इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. आपण त्यांना चाचे समजलो, असे त्या सैनिकांचे म्हणणे होते. एकीकडे शत्रू मच्छीमाराच्या होडीतून येतो आणि दुसरीकडे मच्छीमार शत्रू समजून मारला जातो. समुद्रावरचा माणूस ओळखता येणे, हीच पहिली सुरक्षा.

मी बदलून आलो, त्याआधी त्या शाखेतले हप्ते पावसाळा वगळून बांधून घेतले. वरिष्ठांची मान्यता मिळवायला दोन वर्षे लागली. तो म्हातारा तोवर गेला होता. खडकवासल्याला होडीत बसलेली ती कोवळी मुले पाहिली, की वाटते, ही कुठल्या कुठल्या किनाऱ्यांवर जातील! प्रबोधिनीत ती परदेशी भाषाही शिकतात, ही फार चांगली गोष्ट आहे. जमलेच तर त्यांनी एकदा पन्हाळ्यावर पंतांच्या समाधीशीही जाऊन यावे.