वचन धरून मागणारा माणूस

जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राकडे मी वळलो तो पंडिता रमाबाईंच्या मागोमाग. म्युलर यांचे चरित्र वाचून आपण विचारात पडलो, असे त्यांनी आपल्या निवेदनात नमूद केले आहे. रमाबाईंसारख्या विदुषीला विचारात पाडणारा हा माणूस कोण, हे पाहावेसे वाटले.

प्रशियात १८०५ साली जन्मलेला जॉर्ज लहानपणी काही गुणाचा नव्हता. वडील करवसुली अधिकारी. त्यांच्याजवळच्या सरकारी पैशावर हा डल्ला मारी. सराईचे पैसे बुडवून सोळाव्या वर्षी तुरुंगही पाहून आला. हाले येथे शिकत असता १८२५ मध्ये एका घरगुती प्रार्थनासभेत कुणी गुडघे टेकून प्रार्थना करताना त्याने पाहिले, आणि तेथून आयुष्य पालटले. १८३२ पासून ते ब्रिस्टलचे झाले.

अनाथाश्रम काढावा की नाही, या विवंचनेत असताना ५ डिसेंबर १८३५ रोजी ८१ व्या स्तोत्रातील एक ओळ त्यांच्या वाचनात आली. तोंड मोठे उघड, मी ते भरीन, अशा अर्थाची. त्यांनी ती शब्दशः घेतली आणि देवाकडे जागा, एक हजार पौंड व योग्य माणसे मागितली. दोनच दिवसांनी पहिली शिलिंग आली! हजार पौंड पुरे व्हायला मात्र दीड वर्ष लागले. गंमत अशी, की प्रवेशाच्या ठरलेल्या दिवशी एकही मूल आले नाही. सारे मागितले, मुले मागायची राहिली, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. त्या रात्री तेही मागणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला.

देव पोरक्यांचा पिता आहे, असे ६८ वे स्तोत्र म्हणते. म्युलर देवाला त्याच्याच या शब्दाची आठवण देत. मला प्रथम ही घासाघीस वाटली. पण १८४१ साली त्यांनी आपल्या पहाटेच्या क्रमाविषयी जे लिहिले, ते वाचून मत बदलले. आधी ते उठताच प्रार्थनेला बसत, आणि मन अर्धा अर्धा तास भटके. मग त्यांनी क्रम उलटा केला. प्रथम वचन वाचायचे, त्यावर थांबायचे. त्यातूनच पश्चात्ताप, आभार, याचना आपोआप निघू लागली. हरिपाठ म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मला यात परके काही वाटले नाही. आपले शब्द आटतात तेव्हा संतांचे शब्द हाताशी असतात.

त्यांनी कुणा माणसापुढे हात पसरला नाही, असे सांगतात. ते खरे, पण कार्याचे वार्षिक अहवाल छापून निघत, म्हणजे लोकांना काहीच ठाऊक नव्हते असेही नव्हे. तरीही ॲशली डाऊनवर १८७० पर्यंत पाच प्रचंड इमारती उभ्या राहिल्या, २०५० मुलांची सोय झाली.

९ मार्च १८९८ च्या सायंकाळी त्यांनी नेहमीची प्रार्थनासभा चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. वय ९२ होते.